विलायतेतील कायदा आणि डोळ्यांखालची गाठ

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरकस उतरणारी आणि वय वाढू लागले की चेहऱ्यावर कायमच्या जागरणाची छाया आणणारी जी खळगी, ती बुजवून घेण्यासाठी ब्रिटनमधील पुष्कळ स्त्रिया, आणि अलीकडे पुरुषही, तेथे 'फिलर' टोचून घेतात. आणि त्यांपैकी काहींच्या वाट्याला, कधी काही दिवसांनी तर कधी वर्षे लोटल्यावर, त्याच जागी एक मऊ, निळसर, सकाळी उठताना फुगलेली व दुपारपर्यंत थोडीफार ओसरणारी गाठ येते.

दोष टोचलेल्या द्रव्याच्या माथी मारणे सोपे. पण हे द्रव्य, म्हणजे बहुधा हायलुरॉनिक आम्ल, शरीराला परके नव्हे. कोलंबिया विद्यापीठातील कार्ल मेयर व जॉन पामर यांनी 1934 साली हायलुरॉनिक आम्ल प्रथम वेगळे काढले, ते गुरांच्या डोळ्यांतील काचेसारख्या पारदर्शक द्रवातून. आपल्या त्वचेतही ते असतेच. पाणी धरून ठेवणे हा त्याचा धर्म, आणि शरीर ते अल्पावधीत मोडून पुन्हा घडवीत असते. कारखान्यात मात्र त्याच्या साखळ्या रासायनिक दुव्यांनी एकमेकींत गुंतवून जेल बनवतात, ते शरीराला सहजी मोडता येऊ नये म्हणूनच. आणि काही महिन्यांच्या बोलीवर टोचलेले हे जेल कित्येक वर्षांनंतरही जागचे हलले नसल्याचे एमआरआय चित्रणांत आढळले आहे.

त्यात जागा अशी, की तेथील त्वचा साऱ्या शरीरात सर्वांत पातळ, तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नाहीच, आणि साचलेले पाणी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्यांचा निचराही मंद. जेल अस्थीलगत न बसता वरच्यावर राहिले, तर ते पाणी ओढून फुगते आणि निळसर झाक देते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सूक्ष्म कणांवरून विखुरणाऱ्या निळ्या प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या जॉन टिंडल यांचे नाव डॉक्टरांनी या झाकेला दिले आहे. हे कारण पुरतेपणी लागू पडते की नाही, याविषयी जाणकारांत दुमत आहे. आरशातला निळेपणा अर्थातच त्या वादाच्या निकालासाठी थांबत नाही.

लाल, दुखरी, कठीण गाठ महिन्यांनंतर उद्भवली, कधी साध्या फ्लूच्या पाठोपाठही, तर प्रकरण निराळे. तेथे प्रतिकारसंस्थेचा क्षोभ किंवा जंतूंचा चिवट थर असू शकतो. आणि क्वचित, पण सर्वांत भयंकर, म्हणजे सुई रक्तवाहिनीत शिरून जेल उलट्या दिशेने दृष्टिपटलाच्या धमनीपर्यंत पोचणे. मग डोळा कायमचा जाण्यास घटकाभरही पुरते.

गाठीवर उतारा आहे, आणि त्याच्या इतिहासात ब्रिटनचा वाटा मोठा. ऊतींमध्ये द्रव्ये झपाट्याने पसरवणारा जो घटक पूर्वीपासून ठाऊक होता, तो म्हणजे हायलुरॉनिक आम्ल मोडणारे हायलुरॉनिडेज हेच विकर, हे ऑक्सफर्डच्या अर्न्स्ट चेन व डथी यांनी 1940 साली दाखवले. तेच चेन पुढे पेनिसिलिनमुळे नोबेलचे मानकरी झाले. या विकराची कुपीतील पांढरी भुकटी सलाइनमध्ये विरघळवून तिचे थोडे थेंब गाठीत सोडले, की बहुधा एकदोन दिवसांत गाठ विरू लागते. क्वचित या औषधाचीच तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवते, म्हणून ते देणाराही जाणता हवा.

येथे इंग्लंडच्या कायद्याची तऱ्हा पाहण्याजोगी आहे. उताऱ्याला औषधाची चिठ्ठी लागते. फिलरला लागत नाही. 2013 साली सर ब्रूस किओ यांच्या चौकशी अहवालाने, असे उपचार घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बॉलपेन विकत घेणाऱ्याइतकेच संरक्षण आहे, असे सरकारला बजावले. ऑक्टोबर 2021 पासून अठरा वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी फिलर टोचण्यास मनाई झाली. 2022 च्या कायद्याने परवाना-पद्धती सुरू करण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. 2023 साली या पद्धतीच्या तजविजीवर लोकांचे अभिप्राय मागवले गेले. ती पद्धती प्रत्यक्ष अमलात येईपर्यंत पार्लरात सुई चालवणाऱ्या हाताला परीक्षा नाही की सनद नाही, आणि दृष्टीवर बेतल्यास मिनिटामिनिटाला मोल असताना जी कुपी हाताशी हवी, ती चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्याच कोणाकडून मिळवावी लागते.