पैसे गेले, तिकीट आले नाही!

विमान म्हणजे आभाळातून घरघरत जाणारी आणि पोरांनी अंगणात धावत येऊन पाहायची वस्तू, हे दिवस आता सरले. २०१७ साली शिर्डीला विमानतळ झाला. नाशिकजवळच्या ओझरहून आणि कोल्हापूरहूनही विमाने सुटतात. कुणाचा मुलगा सैन्यात लेहला असतो, कुणाची लेक बंगळूरला नोकरी करते, कुणाला म्हाताऱ्या आईवडिलांना काशी दाखवायची असते. उसाचे बिल जमा झाले किंवा द्राक्षांचा हिशेब मिटला की घरात कुणीतरी म्हणतेच, “या खेपेला विमानानेच जाऊ या.”

पण हे तिकीट एस. टी.च्या खिडकीवर मिळत नाही. ते मोबाईलवर काढावे लागते आणि पैसेही तिथेच भरावे लागतात. पुष्कळ घरांना पहिला दणका बसतो तो इथेच.

समजा, चार माणसांच्या तिकिटांचे २६,००० रुपये झाले. कार्डाचा नंबर घातला, मोबाईलवर आलेला ओटीपी भरला. पडद्यावरचे चाक फिरत राहिले आणि शेवटी ‘व्यवहार पूर्ण झाला नाही’ अशी ओळ उमटली. तेवढ्यात बँकेचा संदेश आला : खात्यातून २६,००० रुपये वजा. तिकिटाचा मात्र पत्ता नाही. घरात एकच गोंधळ उडतो. वडील म्हणतात, “बुडाले!” मुलगा म्हणतो, “थांबा आबा, परत एकदा करून बघतो.”

मंडळी, ही वेळ हात आखडून बसण्याची आहे. अशा वेळी अडकलेला पैसा सहसा बुडत नाही. बुडतो तो नंतरच्या घाईत.

पैसा अडकतो कुठे?

बाजार समितीत व्यापारी कांद्याचा ढीग पसंत करतो आणि तो बाजूला काढला जातो. तुम्हाला तो दुसऱ्याला विकता येत नाही. पण वजन होऊन हिशेबपट्टी हाती पडेपर्यंत सौदा पुरा झाला असे म्हणता येत नाही. कार्डाचेही असेच आहे. तुम्ही ओटीपी भरलात की तुमची बँक तेवढी रक्कम बाजूला काढते आणि विमानकंपनीला कळवते, ‘पैसे आहेत, तिकीट द्या.’ तुमच्या खात्यात शिल्लक कमी दिसू लागते. क्रेडिट कार्ड असेल तर उधारीची मर्यादा तेवढी कमी होते.

आता बँकेचा हा निरोप वाटेतच हरवला, म्हणजे रेंज गेली, मधली यंत्रणा अडली किंवा ठरलेली वेळ उलटली, तर विमानकंपनी जागा देत नाही. बँकेच्या वहीत ‘पैसे काढले’ अशी नोंद आणि कंपनीच्या वहीत ‘पैसे मिळाले नाहीत’ अशी नोंद! दोघेही आपापल्या वहीत पाहून बोलतात. म्हणूनच कंपनी सांगते, “बँकेला विचारा,” आणि बँक सांगते, “कंपनीला विचारा.” फोनवर अर्धा तास गाणे ऐकायचे आणि शेवटी ही टोलवाटोलवी! माणूस चिडला तर नवल नाही. पण नुसत्या रागाने ही गाठ सुटत नाही.

आधी तिकीट निघाले का ते पाहा

तिकिटाचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक असतो, त्याला पीएनआर म्हणतात. कधीकधी तो काही मिनिटे उशिराने येतो. म्हणून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. नाहीतर एकाच विमानाची दोनदा तिकिटे निघतात आणि एक रद्द करताना कापाकापी सोसावी लागते. मोबाईलवरील संदेश आणि ईमेल पाहा, कंपनीच्या केंद्राला फोन करून नाव व तारीख सांगून विचारा. तिकीट निघालेच नसेल आणि प्रवास टाळता येत नसेल, तरच दुसऱ्या खात्यातून किंवा दुसऱ्या कार्डाने नवे तिकीट काढा.

नियम तुमच्या बाजूचा आहे

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याबाबत नियम घालून दिला. देशातल्या व्यवहारात कार्डाने किंवा यूपीआयने पैसे भरले, खात्यातून रक्कम गेली, पण यंत्रणेतील बिघाडामुळे विक्रेत्याला ती मिळाल्याची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप खात्यात परत आली पाहिजे. व्यवहार एक तारखेचा असेल तर सहा तारखेपर्यंत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, आणि तीही ग्राहकाने न मागता! म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहावा दिवस खुणेने दाखवून ठेवा.

तिकीट हाती आले आणि नंतर रद्द झाले, तर गोष्ट वेगळी. तिथे परतावा विमानकंपनीने द्यायचा असतो. तालुक्याच्या गावी एजंटाकडून तिकीट काढले असले तरी परताव्याची जबाबदारी कंपनीवरच राहते. मात्र पैसे बहुधा आले त्याच वाटेने परत जातात. एजंटाने स्वतःच्या खात्यातून भरले असतील तर ते त्याच्याकडे पोचतात. म्हणून तिकिटावर आपलाच मोबाईल नंबर घालायला सांगा आणि भरलेल्या रकमेची पावती घ्या.

लेखी काम करा

सातबाऱ्याचा उतारा आपण जपून ठेवतो, तसाच हा पुरावा जपा. बँकेचा संदेश पुसू नका. तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक वहीत उतरवा. यूपीआयचा हा क्रमांक बारा अंकी असतो. फोन केला तर तक्रार क्रमांक मागून घ्या. कंपनी ‘परतावा पाठवला’ म्हणाली तर त्याचा संदर्भ क्रमांक मागा. तो दाखवला की बँकेला रक्कम शोधणे सोपे जाते. सहावा दिवस उलटला की शाखेत साध्या कागदावर मराठीत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही घेऊन पोच ठेवा. तोंडी तक्रार हवेत विरते, पोच असलेला अर्ज विरत नाही.

खोट्या नंबरापासून जपा

खरा धोका इथे आहे. कंपनीचा फोन लागेना म्हणून मुले मोबाईलवर ‘ग्राहक सेवा नंबर’ शोधतात. तिथे चोरांनी पेरलेले नंबरही असतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, “काका, पैसे आत्ता परत करतो, फक्त हे ॲप घ्या, आलेला ओटीपी सांगा.” २६,००० रुपये परत येणे दूरच, खात्यातले पीककर्जही जाते.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, कुठला चौकोनी कोड टिपावा लागत नाही. हे सारे पैसे देण्यासाठी असते. बँकेचा नंबर कार्डाच्या पाठीवरून किंवा पासबुकावरून घ्या. विमानकंपनीचा नंबर तिच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा जुन्या तिकिटावरून घ्या. फसगत झालीच तर लाजू नका. ताबडतोब १९३० या नंबरावर कळवा आणि बँकेला खाते रोखायला सांगा. इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

दाद कुठे मागायची?

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रारीला पैसा लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आपली बहुतेक खाती जिल्हा मध्यवर्ती बँकेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून या बँकाही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. विमानकंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर लावा.

१९३०, १४४४८ आणि १९१५ हे तीन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्याखाली आपल्या बँकशाखेचा नंबर लिहा. तिकीट काढायचे ते शक्यतो प्रवासाच्या बरेच दिवस आधी, दिवसाउजेडी आणि चांगली रेंज असताना काढा. सगळी पुंजी ज्या खात्यात आहे त्या खात्याचे कार्ड त्यासाठी वापरू नका. तिकिटापुरती रक्कम ठेवायला एक वेगळे खाते असू द्या. बी-बियाण्याचे आणि मजुरीचे पैसे मग अडकायचे नाहीत आणि पाच दिवस धीर धरणेही जमेल.