आईचा आजार, आईचं मूल

सातारा-सांगलीकडच्या गावांत एखाद्या बाईला मोठा मानसिक आजार जडला की घरात दोन गोष्टी ठरतात: तिला कुठं न्यायचं आणि पोरं कुणाकडं ठेवायची. आधी देवऋषी, मग दवाखाना. पोरं आजीकडं, बाई माहेरी. तिला बरं वाटू लागल्यावर पोरं परत तिच्या हाती कधी द्यायची, हे मात्र ठरत नाही. आईवरच्या उपचारात तिच्या आईपणाचाही विचार झालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आजार उसळतो तेव्हा मूल सांभाळायला मदत लागते. तो ओसरला की अनेक जणी डबा, शाळा, अभ्यास सगळं पाहू शकतात. कधी अडचण निव्वळ गोळ्यांच्या वेळेची असते. सकाळच्या गोळीनं गुंगी येते, डबा राहतो, सासू म्हणते, ‘हिच्या हातनं काही व्हायचं नाही.’ डॉक्टरांच्या सल्ल्यानं तीच गोळी रात्रीवर नेता आली, तर सकाळ सुधारते. पण ओपीडीत सोबत आलेला भाऊ तिच्या झोपेचं, चिडचिडीचं सांगतो. पोरांचं कोण करतं, हे विचारायचं राहून जातं.

बाळंतपणानंतरचे दिवस सर्वांत नाजूक. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना तीव्र मनोविकार होतो आणि तो बहुधा पहिल्या २ आठवड्यांतच उफाळतो. झोप उडते, बडबड वाढते, बाळाविषयी भलतेसलते संशय येतात. घरचे ‘बाहेरचं आहे’ म्हणून अंगारा लावतात आणि मोलाचे दिवस हातचे जातात. खरं तर त्याच दिवसांत आशाताईंची ये-जा असते: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. बाळाचं वजन करताना ‘बाळ निजल्यावर तुला झोप लागते का गं?’ असं त्यांनी विचारलं, तरी धोका वेळीच ध्यानात येईल.

दाखल करायची वेळ आली की अंतर आडवं येतं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं. सातारा-सांगलीतून तिथं जायचं म्हणजे मूल मागं ठेवणं आलं. तशी आपल्याकडं सोय नाही असं नाही: मिरजेला मिशन रुग्णालयाच्या डॉ. वॉनलेसांच्या काळापासून वैद्यकीय पंढरीचा मान आहे, साताऱ्यात डॉ. हमीद दाभोलकरांची ‘परिवर्तन’ संस्था मानसिक आरोग्यावर काम करते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा विभाग आहे. तशा २-४ खाटा आपल्या भागातही हव्यात.

कायदा आईच्या बाजूनं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून ३ वर्षांखालचं मूल सहसा तोडता येत नाही. बाळाला धोका असेल तर तात्पुरतं दूर ठेवावं, आईला देखरेखीखाली भेटू द्यावं आणि निर्णयाचा दर १५ दिवसांनी फेरविचार करावा, असं त्यात आहे. नुसत्या स्किझोफ्रेनियाच्या निदानावर घटस्फोट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८मध्येच स्पष्ट केलं.

मुलांशीही खरं बोलायला हवं. ‘मी त्रास दिला म्हणून आई अशी झाली’ हे ओझं पोर मुकाट्यानं वाहतं. ‘आईला आजार आहे, औषध चालू आहे, तुझी चूक नाही’ एवढं त्याला समजतं. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी आईचा आजार लहानपणी जवळून पाहिला आणि पुढं आईच्याच नावानं मानसिक आरोग्यासाठी ‘बापू ट्रस्ट’ उभा केला.

या दिवाळीत घरात अशी कुणी असेल, तर पोरांना तिच्याकडं न्या, जवळ थांबा, फराळाला तिचा हात लागू द्या. गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.