एका ‘टेन्शन’ने भागत नाही

परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी, बदलीच्या हुकुमाची चाहूल लागलेला कारकून आणि मुलगा वेळेवर घरी न आलेली आई, हे तिघेही आपल्या मनःस्थितीला हल्ली एकच नाव देतात: ‘टेन्शन’. हा शब्द इंग्रजीतून घेतला खरा; परंतु त्याच भाषेने जपलेल्या निरनिराळ्या छटा मात्र तेथेच राहिल्या.

वास्तविक आईची अवस्था ‘वरीड’ या शब्दाची. तिच्या काळजीचे कारण सांगता येते. कारकून ‘अप्रिहेन्सिव्ह’ असतो. पुढे काही विपरीत घडेल, अशी त्याला आशंका असते. विद्यार्थी ‘नर्व्हस’ असतो. ही धाकधूक प्रसंगाबरोबर येते आणि बहुधा त्याच्याबरोबरच ओसरते. ‘अँक्शस’ या शब्दाची व्याप्ती अधिक. कारण नेमके सांगता येत नसतानाही मनात घर करून राहणारी चिंता त्यात सामावते.

या शब्दाच्या मुळाशी ‘आवळणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. छातीतील कळेला वैद्यकात ‘अँजायना’ म्हणतात, तो शब्दही त्याच कुळातला. ‘वरी’चा जुना अर्थ तर गळा आवळणे असाच होता. देहाचा अनुभव भाषेने असा जतन केला आहे.

‘अँक्शस’चा वापर मात्र जपून करावयास हवा. पुढे ‘अबाउट’ आले तर चिंता. ‘टु’ आले तर बहुधा उत्कंठा. नोकरीच्या अर्जात केवळ उत्सुकता दाखवावयाची असेल, तर ‘ईगर’ हा शब्द अधिक निर्धोक.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली ‘अँक्झायटी न्यूरोसिस’ हे एकच नाव बाजूस सारून, अचानक येणारे भीतीचे झटके आणि दीर्घकाळ टिकणारी चिंता यांची स्वतंत्र विकार म्हणून नोंद केली. नावे वेगळी झाली, तेव्हा उपचारांचा विचारही वेगळा होऊ शकला. डॉक्टरांपुढे नुसते ‘टेन्शन’ म्हणणाऱ्या रुग्णाचे अर्धे दुखणे अव्यक्तच राहते.

मराठीतही धास्ती, हुरहूर, घालमेल, घोर असे शब्द आहेत. शिक्षकांनी इंग्रजी शब्दांचा अर्थ या शब्दांच्या जोडीने समजावून दिला, तर विद्यार्थ्याला दोन्ही भाषा कळतील आणि स्वतःचे मनही.