डावखुरा लिंक आणि मावळचा पट्टा

लिंक डावखुरा होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या गेममालिकेचा हा हिरव्या अंगरख्यातला नायक. १९८६मध्ये मालिका सुरू झाली आणि पुढची वीस वर्षं तो डावखुरा तलवारबाज म्हणूनच ओळखला गेला. २००६च्या नोव्हेंबरात 'ट्वायलाइट प्रिन्सेस' हा नवा गेम आला, तेव्हा मात्र त्याच्या उजव्या हातात तलवार होती. त्याच्यासोबत त्याचं सगळं राज्यही उलटं झालं होतं. डोंगर, नद्या, किल्ले, गावातल्या वाटा, सगळ्यांची डावी-उजवी बाजू बदलली होती. पश्चिमेचं वाळवंट पूर्वेला गेलं होतं.

याचं कारण एका छोट्या पांढऱ्या रिमोटमध्ये होतं.

हा गेम मुळात निन्टेन्डोच्या 'गेमक्यूब' या जुन्या यंत्रासाठी तयार होत होता. दिग्दर्शक एजी आओनुमा यांचा चमू त्यावर काही वर्षं खपत होता. तेवढ्यात कंपनीचं 'वी' हे नवं यंत्र आलं. वीचा कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा एका हातात धरायचा आणि हवेत हलवायचा. हाताची हालचाल हीच खेळाची आज्ञा. या पद्धतीला मोशन कंट्रोल म्हणतात. मे २००६मध्ये अमेरिकेतल्या 'ई-थ्री' प्रदर्शनात लोकांनी गेमचा नमुना खेळून पाहिला. तलवार हातानंच फिरवता यायला हवी, असं अनेकांचं म्हणणं पडलं. तसा बदल करायचं ठरलं आणि अडचण उभी राहिली. बहुतेक माणसं उजव्या हातानं रिमोट फिरवणार आणि पडद्यावरचा लिंक डाव्या हातानं वार करणार, हे डोळ्यांना पटेना. लिंकची प्रत्येक हालचाल नव्यानं बसवायला वेळ नव्हता. म्हणून अख्खा गेमच आरशात धरल्यासारखा उलटा केला गेला. डिसेंबरात आलेल्या गेमक्यूबच्या आवृत्तीत मात्र जग सरळ राहिलं आणि लिंक डावखुराच राहिला.

हे उलटणं म्हणजे नेमकं काय, ते भोर-वेल्ह्याकडच्या वाचकाला पटकन उमजेल. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर लागतं. तिथे दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं, की तोरणा उजव्या अंगाला आणि राजगड त्याच्या डावीकडे. उलट्या जगात राजगड उजवीकडे जाईल, तोरणा डावीकडे येईल आणि वेल्ह्याला जाणारा माणूस पूर्वेकडे चालू लागेल. एकही दगड हललेला नसेल, तरी ज्याच्या पायांना वाट पाठ आहे तो चुकणार. झेल्डाच्या जुन्या खेळाडूंचंही असंच झालं. एका आवृत्तीचा नकाशा पाठ असलेला माणूस दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक वळणावर थबकायचा.

कल्पनेतल्या भूगोलाचं एवढं अप्रूप कशाला, असं कुणी विचारेल. या मालिकेचा जीवच भटकंतीत आहे. तिचे जनक शिगेरू मियामोतो यांचं बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावाच्या परिसरात गेलं. रानात हिंडताना त्यांना एक गुहा सापडली होती आणि पुढे कंदील घेऊन ते आत उतरले होते. तो थरार खेळणाऱ्याला मिळावा, या इच्छेतून झेल्डा आकाराला आला. गुंजवण्याच्या बाजूनं पहिल्यांदा राजगड चढणाऱ्या पोराला ही ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता रिमोटकडे येऊ. त्यात अ‍ॅक्सेलेरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचं अतिसूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. हाताला झटका बसला की ते किंचित सरकतं, त्यानं विजेच्या मापात फरक पडतो आणि कोणत्या दिशेला किती जोर लागला हे यंत्राला कळतं. रिमोटच्या तोंडाशी इन्फ्रारेड कॅमेराही असतो. टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीला सगळे 'सेन्सर बार' म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतो. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारे दिवे असतात. ते दिवे पाहून रिमोट पडद्यावर कुठे रोखलेला आहे याचा हिशेब लावतो.

या दोन गोष्टींवर आओनुमांच्या चमूनं जे उभं केलं त्याचं कौतुक वाटतं. रिमोट झटकला की तलवारीचा वार. डाव्या हातातला जोडकंट्रोलर हलवला की गरकन फिरून केलेला हल्ला, पुढे ढकलला की ढालीचा धक्का. धनुष्याचा नेम रिमोट रोखून धरायचा. प्रत्यंचा सुटल्याचा आवाज हातातल्या रिमोटच्या छोट्या स्पीकरमधून यायचा आणि बाण लागल्याचा आवाज टीव्हीतून. बाण खोलीतून उडून गेल्याचा भास व्हावा म्हणून केलेली ही साधी युक्ती, पण तीत कारागिरी आहे.

तलवारीच्या बाबतीत मात्र या गेमनं खेळाडूची अर्धीच इच्छा पुरी केली. रिमोट आडवा झटका, उभा झटका किंवा नुसता मनगट हलवून झटका, लिंक आपले ठरलेले वारच करायचा. झटका बसला एवढंच यंत्राला हवं होतं. हात कुठून कुठे गेला याची त्याला फिकीर नव्हती. म्हणजे बटणाची जागा झटक्यानं घेतली होती. तलवार खेळाडूच्या हातात आलीच नव्हती.

निन्टेन्डोनं ही उणीव ओळखली. २००९मध्ये 'मोशनप्लस' नावाची जोड आली. तिच्यात जायरोस्कोप होता. वस्तू किती वेगानं वळते आहे, हे तो मोजतो. त्याच्या भरवशावर २०११मध्ये 'स्कायवर्ड स्वोर्ड' आला. त्यात हात जसा वळेल तशी तलवार वळते. शत्रूनं उजवी बाजू अडवली असेल तर डावीकडून वार करावा लागतो. चुकीच्या दिशेचा वार अडवला जातो. हा गेम सुरुवातीपासूनच हातासाठी रचलेला होता, म्हणून त्यातली प्रत्येक झुंज हे एक कोडं झाली. उलट, २०१६मध्ये 'ट्वायलाइट प्रिन्सेस'ची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा जग पुन्हा सरळ झालं, लिंक पुन्हा डावखुरा झाला आणि तलवार पुन्हा बटणावर गेली. मागाहून चढवलेला साज सहज उतरवता आला, तो असा.

एक गोष्ट मात्र जायरोस्कोपलाही साधत नाही. खरं शस्त्र ढालीवर आदळलं की हाताला हिसका बसतो आणि हात थांबतो. गेममध्ये पडद्यावरची तलवार अडते, पण खेळाडूचा हात मोकळ्या हवेत पुढे निघून जातो. मग हात एकीकडे, तलवार दुसरीकडे.

इथे मावळातलं एक शस्त्र आठवल्याशिवाय राहत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्रानं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला. हिरडस मावळातल्या बाजीप्रभू देशपांड्यांचं नाव या शस्त्राशी कायमचं जोडलेलं आहे. पट्ट्याचं पातं लांब, सरळ आणि लवचीक. त्याची मूठ तलवारीसारखी उघडी नसते; कोपराच्या दिशेनं चढत जाणाऱ्या लोखंडी खोबणीत हात घालायचा आणि आतली आडवी दांडी मुठीत धरायची. त्यामुळे मनगट जवळपास बांधलं जातं. पुढचा हात आणि पातं एका रेषेत येतात. वार मनगटातून निघत नाही. तो कोपरातून, खांद्यातून आणि पायांवर घेतलेल्या गिरकीतून निघतो. मर्दानी खेळातला चांगला पट्टेकरी पातं थांबवत नाही. तो ते सतत फिरतं ठेवतो आणि त्या फिरण्यातच जमिनीवरचं लिंबू चिरतो.

मनगटाच्या झटक्यावर बेतलेल्या रिमोटला हे कसं कळावं? झटका म्हणजे जोरात सुरुवात आणि पटकन थांबणं. पट्ट्याच्या फिरतीत थांबणंच नाही. तिथे अ‍ॅक्सेलेरोमीटरपेक्षा जायरोस्कोप जास्त कामाचा, आणि सेन्सर तळहातात असण्यापेक्षा पुढच्या हातावर बांधलेला बरा. गंमत अशी की मनगट बांधलेलं असल्यानं यंत्राचं एक काम सोपंच होतं: पुढचा हात जिकडे, पातं तिकडे. ही साधनं आज दुर्मीळ राहिलेली नाहीत. अ‍ॅक्सेलेरोमीटर आणि जायरोस्कोप बहुतेक स्मार्टफोनमध्ये असतात. फोन वाकवून गाडी वळवण्याचे गेम खेळणाऱ्या मुलांनी मोशन कंट्रोल केव्हाच हाताळलेला आहे.

पट्ट्याच्या फिरतीवर बेतलेला गेम बांधण्याची कुवतही दूर शोधायला नको. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीनं 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम केला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेन्डोच्याच 'स्विच' या यंत्रावर आला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. २०१७मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी काम सोडलं नाही. राजी ही कसरती करणारी मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला ती निघते आणि दुर्गेच्या त्रिशूळानं लढते. कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले आहेत, वास्तूंवर राजस्थानची छाप आहे. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. राजीची झुंज बटणांवर चालते, आणि तिच्या उड्या नि गिरक्या त्या बटणांच्या मापानंच रचलेल्या आहेत.

मावळातला गेम करायचा तर हीच शिस्त लागेल. आधी राजगड-तोरणा उभे करायचे, मग लढाई बसवायची आणि शेवटी हातात फोन देऊन हलवायला सांगायचं, या क्रमानं गेलं तर पट्टा पुन्हा झटक्याचं बटण होईल. आधी जाणत्या पट्टेकऱ्याच्या अंगावर सेन्सर बांधून त्याची फिरत नोंदवावी लागेल: पाय कुठे पडतो, गिरकी कुठून उठते, दोन वारांमध्ये पातं कुठे असतं. शत्रू, त्यांचे वार आणि लढाईची जागा त्या फिरतीवरून ठरवावी लागेल. राजगडाच्या चोरदरवाज्यासारख्या अडचणीच्या जागी लांब पातं फिरवायला मोकळीक नसते, माचीवर असते. हा फरक खेळणाऱ्याच्या हाताला जाणवायला हवा. डावखुऱ्यांसाठी पट्टा डाव्या हातात देण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. ज्यांना हात फिरवता येत नाही त्यांच्यासाठी बटणांची वेगळी वाटही हवी. 'स्कायवर्ड स्वोर्ड'ला ती वाट १६ जुलै २०२१ रोजी स्विचवरच्या आवृत्तीत मिळाली, मूळ गेमनंतर जवळजवळ दहा वर्षांनी.