तळ वाचायचा कसा? टेक्सास रिग, कॅरोलायना रिग आणि प्लास्टिकचं गांडूळ

अमेरिकेत नव्याने आलेल्या श्रोत्यांकडून एक प्रश्न बऱ्याचदा येतो. तलावाच्या काठावर लोक रबरासारखं गांडूळ लावून गळ टाकतात, मग दोन-दोन मिनिटं जवळजवळ काहीच करत नाहीत, आणि अचानक जोरात रॉड उचलतात. खाली मासा आहे हे त्यांना कळतं कसं? आजचा एपिसोड याच प्रश्नावर आहे. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे ते नीट लिहून ठेवलेत. मी डॅलसजवळ राहतो, त्यामुळे उदाहरणं टेक्सासची येतील.

एका वाक्यात सांगायचं तर हा सगळा स्पर्शाचा खेळ आहे. वजन तळावरून सरकत असतं. दगड, गवत, फांदी, चिखल, सगळ्यांचे धक्के लाईनवरून हातात येत असतात. त्या शंभर धक्क्यांमधला माशाचा एक धक्का तुम्हाला एक-दोन सेकंदांत ओळखायचा असतो. रिगमधला प्रत्येक भाग त्यासाठीच असतो. आणि ओळखायला उशीर झाला तर त्याची किंमत मासा मोजतो. ते शेवटी सांगतो.

आधी मासा समजून घेऊ

आपण बोलतोय लार्जमाउथ बासबद्दल. हिरवट रंग, अंगावर आडवा काळसर पट्टा, आणि जबडा इतका मोठा की तोंडाची कड डोळ्याच्याही मागे जाते. हा दबा धरून बसणारा मासा आहे. बुडालेलं झाड, गवताची कड, दगडांचा ढीग, बोटी बांधायचा धक्का, अशा आडोशाला तो थांबतो. छोटे मासे, बेडूक आणि क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातलं झिंग्यासारखं कवचवालं जनावर, हे त्याचं खाणं.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे बास बऱ्याचदा 'चावत' नाही. तो झटकन तोंड उघडतो, पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर खाणंही आत जातं. वस्तू खोटी वाटली तर तितक्याच झटकन ती बाहेर थुंकतो. म्हणून वरती प्रत्येक वेळी दणदणीत झटका बसत नाही. कधी बारीकसं 'टक्' होतं, कधी तेवढंही होत नाही.

गांडूळ आलं कुठून?

१९४९ च्या सुमारास ओहायोतल्या अक्रन शहरात निक क्रीम आणि त्याची बायको कॉस्मा यांनी मऊ प्लास्टिकचं गांडूळ बनवलं. पुढे त्यांची कंपनी टेक्सासमधल्या टायलर गावात आली. टेक्सासमधले बहुतेक मोठे तलाव धरणांचे आहेत, आणि अनेक ठिकाणी जंगल तसंच पाण्याखाली गेलेलं आहे. अशा पाण्यात उघडा गळ टाकला की तो कुठल्या ना कुठल्या फांदीत अडकणारच. त्यावर उपाय निघाला तो असा, की गळाचं टोक पुन्हा गांडुळाच्याच अंगात लपवायचं. हीच टेक्सास रिग.

हे प्लास्टिक म्हणजे भरपूर प्लास्टिसायझर मिसळलेलं पीव्हीसी. साधारण १७५ अंश सेल्सियसपर्यंत तापवून साच्यात ओततात. अनेक कंपन्या त्यात मीठही घालतात. मऊपणाचा फायदा सरळ आहे. कडक लाकडी आमिष मासा लगेच थुंकतो, मऊ वस्तू तो थोडा जास्त वेळ तोंडात धरतो. तो 'थोडा वेळ' हेच आपलं सगळं भांडवल.

टेक्सास रिग बांधायची कशी?

लागतात फक्त तीन गोष्टी: बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार वजन, मानेजवळ बाक असलेला ऑफसेट गळ, आणि गांडूळ. सहा-सात इंचांच्या गांडुळाला ३/० किंवा ४/० मापाचा गळ बसतो.

१. लाईन वजनाच्या टोकाकडून आत घाला. टोक रॉडच्या दिशेला राहिलं पाहिजे.

२. गळ पालोमार गाठीने बांधा. लाईन दुमडून गळाच्या छिद्रातून काढा, सैल साधी गाठ मारा, त्या फासातून अख्खा गळ बाहेर काढा, थुंकीने ओलं करा आणि आवळा. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने लाईन कमजोर होते.

३. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात मधोमध अर्धा सेंटीमीटर घालून बाजूने बाहेर काढा. गळ सरकवत न्या, मानेचा बाक डोक्यात रुतून बसेपर्यंत. मग गळ फिरवा, म्हणजे टोक गांडुळाकडे येईल.

४. गळाचा तळ गांडुळावर कुठे येतो ते धरून बघा आणि तिथूनच टोक आरपार काढा. शेवटी ते पाठीच्या पातळ थरात हलकंसं लपवा.

गांडूळ सरळ लोंबलं पाहिजे. वाकडं बसलं तर पाण्यात गरगर फिरतं, लाईनला पीळ पडतो, आणि हाताला येणारा सगळा संदेश गढूळ होतो.

वजनाचा नियम असा: तळ जाणवेल इतकंच, त्याहून जास्त नाही. दहा फुटांपर्यंत पाणी आणि वारा कमी असेल तर ३/१६ ते पाव औंस, म्हणजे ५ ते ७ ग्रॅम. खोल पाणी किंवा जोराचा वारा असेल तर ३/८ ते अर्धा औंस, म्हणजे साधारण १० ते १४ ग्रॅम. दाट गवतात वजनाच्या पुढे छोटा रबरी स्टॉपर लावा, नाहीतर वजन खाली जातं आणि गांडूळ गवतावरच बसून राहतं.

रॉड, लाईन, धातू

सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट अ‍ॅक्शन रॉड घ्या. फास्ट म्हणजे फक्त शेंडा वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. शेंडा बातमी आणतो आणि ताठ भाग गळ रुतवायला ताकद देतो.

लाईन फ्लोरोकार्बनची, १२ ते १७ पौंडांची. तिची घनता पाण्याच्या पावणेदोन पटींहून थोडी जास्त असते, म्हणून ती बुडते आणि वजनापर्यंत बऱ्यापैकी सरळ रेषेत राहते. ब्रेडेड लाईन जवळजवळ ताणलीच जात नाही, त्यामुळे धक्का छान कळतो, पण ती तरंगते आणि स्वच्छ पाण्यात दिसते. ब्रेड वापरायची असेल तर पुढे काही फूट फ्लोरोकार्बन जोडा.

वजन शिशाचं की टंगस्टनचं? शिशाची घनता ११.३, शुद्ध टंगस्टनची १९.३. म्हणजे तेवढ्याच ग्रॅमचं टंगस्टन आकाराने बरंच लहान असतं, फटीत कमी अडकतं, आणि धातू कडक असल्यामुळे दगडाची 'टिक' मऊ शिशापेक्षा स्पष्ट कळवतं. महाग आहे, हे मान्य. पण पैसे कुठेतरी घालायचेच असतील तर रंगीबेरंगी गांडुळांच्या दहा पाकिटांऐवजी इथे घाला.

आता खरा धडा: तळ वाचणं

गळ टाकला की लाईन अर्धवट सैल ठेवून वजन खाली जाऊ द्या. नजर लाईनवर. ती ढिली पडली की वजन तळाला टेकलं. मग रॉडचा शेंडा घड्याळातल्या नऊच्या जागेवरून अकरापर्यंत हळू उचला, थांबा, रॉड खाली आणताना ढिली झालेली लाईन गुंडाळा. आमिष सरकवायचं रॉडने, रीळने फक्त ढील काढायची. रीळने ओढलं तर हाताला बातमी अर्धीच येते.

आता हाताला काय येतं ते बघू.

खडी असेल तर बारीक, सलग खरखर. चिखल असेल तर काहीच आवाज नाही, नुसतं मळलेल्या पिठातून ओढल्यासारखं जड. मोठा दगड असेल तर 'ठक्' आणि क्षणभर अटक. फांदी असेल तर वजन हळूहळू वर चढतं आणि एकदम पलीकडे पडतं. गवत असेल तर स्पंजासारखं खेचलं जातं आणि हलका झटका दिला की सुटतं.

आणि मासा? लागोपाठ दोन 'टक् टक्'. किंवा लाईन आपोआप बाजूला चालायला लागते. किंवा ओल्या फडक्यासारखा नुसता भार. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे अचानक काहीच न जाणवणं. वजन जिथे तळाला टेकायला हवं होतं तिथे टेकलंच नाही, याचा अर्थ वाटेतच कोणीतरी ते उचललंय.

सर्व्हरचं मॉनिटरिंग केलेल्यांना हे लगेच पटेल: आधी बेसलाइन, मग अलर्ट. नॉर्मल काय आहे हे माहीत नसेल तर अ‍ॅबनॉर्मल ओळखणार कसं? म्हणून सराव असा करा. काठाजवळ जिथे तळ दिसतो तिथे रिग टाका. वजन दगडावरून जाताना बघा आणि हाताला काय येतं ते लक्षात ठेवा. मग डोळे मिटून तेच करा. कोकणात हातदोरीने गरवणारे बोट दोरीवर ठेवतात ते याचसाठी. तसंच तर्जनी लाईनला लावून बघा, फरक जाणवेल.

दुसरा फायदा म्हणजे चिखल संपून खडी सुरू होते, किंवा गवत संपून मोकळा तळ लागतो, अशी कड हाताला कळते. बास बऱ्याचदा अशाच कडेवर असतो. ती जागा सापडली की तिथे पुन्हा पुन्हा टाका.

कॅरोलायना रिग कधी?

टेक्सास रिग एका झुडपात शिरून शोधायला उत्तम. पण समोर फुटबॉलच्या मैदानासारखा मोकळा तळ असेल, आणि मासे नक्की कुठे आहेत हेच माहीत नसेल तर? तिथे कॅरोलायना रिग.

यात अर्धा ते एक औंसाचं जड वजन लाईनवर सरकतं असतं. त्यानंतर एक मणी, मग स्विव्हेल, त्यापुढे दोन ते चार फुटांची वेगळी लाईन, आणि टोकाला गळ व आमिष, गांडूळ किंवा प्लास्टिकची पाल. वजन तळ खरवडत पुढे जातं, आमिष मागून निवांत तरंगत येतं. म्हणजे सेन्सर एकीकडे, आमिष दुसरीकडे. जॅक चॅन्सेलरने १९८५ ची बासमास्टर क्लासिक स्पर्धा आर्कान्सा नदीवर अशाच पद्धतीने, छोटं सरळ गांडूळ तळावरून ओढत जिंकली होती.

तोटा एवढाच, की मासा आणि वजन यांच्यात दोन-चार फुटांचं अंतर असल्यामुळे धक्का अस्पष्ट येतो. बहुतेक वेळा नुसतं जड लागतं.

गळ रुतवण्याची पद्धतही वेगळी. टेक्सास रिगमध्ये रॉड खाली करा, ढील काढा आणि जोरात वर उचला, कारण टोकाला आधी प्लास्टिक आणि मग जबडा फोडायचा असतो. कॅरोलायनामध्ये लाईन तळाला आडवी असते, म्हणून रॉड बाजूला लांबवर ओढा.

उशिराची किंमत

ओळखायला पाच-सहा सेकंद जास्त लागले तर गळ ओठाऐवजी घशात जातो. 'सोडून देऊ की' म्हणणं तेव्हा पुरेसं नसतं. टेक्सासमध्ये सर्वसाधारण नियमानुसार १४ इंचांपेक्षा लहान लार्जमाउथ ठेवता येत नाही, आणि दिवसाला पाचच बास ठेवता येतात. लेक फोर्कसारख्या तलावावर तर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. म्हणजे तुम्ही पकडलेले बरेचसे मासे कायद्यानेच परत जाणार. ते जिवंत राहतात की नाही, हे तुमच्या हाताने किती लवकर ओळखलं यावर बरंच अवलंबून असतं.

तरीही गळ खोल गेलाच तर ओढाताण करू नका. लाईन गळाजवळ कापा आणि मासा सोडा. खेचून काढण्यापेक्षा यात तो वाचायची शक्यता जास्त असते. हात ओले करून धरा, मोठा मासा नुसता जबड्यावर लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या.

फाटलेली गांडुळं पाण्यात टाकू नका. मासे ती गिळतात, आणि हे प्लास्टिक पोटात पचत नाही. खिशात एक झिपवाली पिशवी ठेवा. शिशाचंही तसंच. न्यू हॅम्पशायरमध्ये लून पक्षी शिशाची वजनं गिळून मरतात, म्हणून तिथे एक औंस किंवा त्याहून हलक्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे.

टेक्सासमध्ये १७ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीला परवाना लागतो, पण स्टेट पार्कच्या आत काठावरून गळ टाकणार असाल तर लागत नाही. सुरुवात करायला याहून स्वस्त जागा नाही. नियम दरवर्षी तपासा.

भारतातल्या श्रोत्यांसाठी एवढंच: बास आपला मासा नाही आणि तो आपल्या पाण्यात आणूही नये. पण गळ लपवण्याची ही युक्ती गवतात राहणाऱ्या मरळीसाठीही चालते. धरणाच्या तलावावर जाण्याआधी मासेमारीचा ठेका कोणत्या सहकारी संस्थेकडे आहे ते विचारा आणि परवानगी घ्या.

पुढच्या शनिवारी तलावावर गेलात तर पहिली वीस मिनिटं मासा विसरा. खडी कुठे आहे, चिखल कुठे, फांदी कुठे, एवढंच हाताने शोधा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. काय सापडलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!