उत्क्रांतीची तोंडओळख, भाग ७ : पांढरा वाघ कोणी निवडला?

भिलाईच्या मैत्री बाग प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघाच्या कुंपणापाशी थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘बर्फवाला शेर है, इसीलिए सफेद है.’ सेक्टर ६ च्या क्वार्टरांतून सायकली दामटत आलेली मुलं हेच म्हणतात, आणि मोठी माणसंही. त्यात एक चूक भूगोलाची आहे. हा वाघ बर्फातला नव्हेच, विंध्याकडच्या साल-जंगलातला. दुसरी चूक जास्त खोलवरची. गरज पडली म्हणून प्राण्याचा रंग बदलला, असं त्यात धरून चाललेलं असतं. जनुकातला बदल गरज विचारून होत नाही. तो होऊन जातो. पुढे तो पसरतो की पुसला जातो, हे नंतर ठरतं.

मे १९५१ मध्ये रीव्याचे महाराजा मार्तंड सिंह यांना एक पांढरा बछडा जिवंत सापडला. गोविंदगडच्या राजवाड्यात तो वाढला. त्याचं नाव मोहन. बेगम नावाच्या नेहमीच्या रंगाच्या वाघिणीशी त्याची जोडी लावली, तर सगळी पिल्लं नारिंगीच निघाली. मग त्यांच्यातल्याच राधाशी, म्हणजे मोहनच्या लेकीशी, त्याची जोडी लावली. १९५८ मध्ये तिला चार पिल्लं झाली, चारही पांढरी.

हे वहीत मांडून पाहा. पांढरेपणाचं जनुक अप्रभावी असतं; आई आणि बाप दोघांकडूनही आलं तरच रंग दिसतो. मोहनकडे त्याच्या दोन प्रती, बेगमकडे एकही नाही. म्हणून पिल्लं नारिंगी, पण प्रत्येकात एकेक प्रत दडलेली. राधाही तशीच. तेव्हा मोहन-राधाचं कुठलंही पिल्लू पांढरं असण्याची शक्यता निम्मी, आणि चारच्या चार पांढरी निघण्याची सोळात एक. महाराजांचं नशीब जोरावर होतं म्हणायचं. बाप-लेकीची जोडी वाचताना कसंसंच होतं खरं, पण दडलेलं जनुक उघड्यावर आणायला इतकी जवळची वाट दुसरी नाही.

पुढच्या खेपेला वाघाकडे नीट बघा. पट्टे जागच्या जागी आहेत, काळपट तपकिरी. डोळे फिके निळे, नाक गुलाबी. रंगद्रव्यच नसतं तर पट्टेही दिसले नसते. एसएलसी४५ए२ या जनुकात एका ठिकाणी अ‍ॅलनिनऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक असल्याचं २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं. तेवढ्याने लाल-पिवळं रंगद्रव्य अडतं, काळं बरंचसं शाबूत राहतं. काही पांढरे वाघ तिरळे असतात, कारण डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा वाट चुकलेल्या असतात.

मग जंगलात हा वाघ टिकलाच नसता? इतक्यात निकाल देऊ नका. हरणांना नारिंगी आणि हिरव्यातला फरक कळत नाही, त्यामुळे नेहमीचा वाघ झाडीत लपून जातो. पांढऱ्याला ती सोय नाही. पण शिकाऱ्यांनी मारलेल्या पांढऱ्या वाघांत पूर्ण वाढलेलेही होते. म्हणजे ते आपलं पोट भरत होते. जंगलातला शेवटचा पांढरा वाघ १९५८ मध्येच गोळीला बळी पडला. त्यांना रंगापेक्षा बंदूक आणि जंगलतोड भोवली, असं मला वाटतं.

पिंजऱ्यात शिकार करावी लागत नाही. तिथे कसोटी एकच : बघायला गर्दी किती होते. त्या कसोटीवर हे जनुक फोफावलं. डार्विनने १८५९ च्या ग्रंथाची सुरुवात पाळीव प्राण्यांपासून केली, कबुतरं पाळणाऱ्यांच्या आवडीनिवडीवर पानंच्या पानं लिहिली, ती याचसाठी. माणसाची निवड डोळ्यांना दिसते. ती समजली की निसर्गाची समजायला सोपी जाते. इथे निवड करणारे तिकीट काढून आत गेलेले आपणच.

पण कोणीच निवड न करताही जनुक पसरू शकतं. ओडिशातल्या सिमलीपालमध्ये असे वाघ आहेत की त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेत आणि अंग जवळजवळ काळं दिसतं. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये त्याचं मूळ टॅकपेप या जनुकात दाखवलं. तेही अप्रभावीच. तिथले वाघ मोजके आणि इतरांपासून तुटलेले. अशा छोट्या कळपात कोणाचं जनुक पुढे जाईल हे निव्वळ योगायोगावरही ठरतं. याला जनुकीय विचलन म्हणतात.

त्यावर उपाय म्हणून २०२४ च्या अखेरीस ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमलीपालला नेल्या. झीनत तर तिथून निघून झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालच्या बांकुऱ्यात पोचली. डिसेंबरात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं.

गृहपाठ : यांतल्या एकीची जोडी काळ्या वाघाशी जमली, आणि तिच्याकडे त्या जनुकाची एकही प्रत नाही असं धरलं, तर पिल्लं कोणत्या रंगाची होतील? आणि ती पिल्लं मोठी होऊन काळ्या वाघांशीच जुळली तर? मोहनसाठी केली तशी मांडणी करा. उत्तर पुढच्या आठवड्यात.