दोन फाटके, दोन घड्याळे



मजूर संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस संगणकावरच्या खेळांविषयी काय सांगणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे झाले ते अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर आणि वाचनालयांत झाले. पण फाटकावर शिकलेली एक गोष्ट या विषयात नेमकी उपयोगी पडली. म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

१९९४ साली आमच्या भागातल्या एका कारखान्याला दोन फाटके होती आणि प्रत्येक फाटकावर कार्ड पंच करण्याचे एकेक घड्याळ होते. मागच्या फाटकावरचे घड्याळ सात मिनिटे मागे चाले. पुढून आत येऊन मागून बाहेर पडणारा कामगार पूर्ण पाळी भरूनही सात मिनिटे लवकर सुटलेला ठरे, आणि त्याचे पैसे कापले जात. एक जण तर विसरलेला डबा आणायला पुढून आत गेला आणि पाच मिनिटांत मागून बाहेर पडला. कार्डाच्या हिशेबाने तो आत येण्याच्या दोन मिनिटे आधीच बाहेर पडला होता! व्यवस्थापन म्हणे, कामगार लबाड आहेत. आम्ही म्हटले, आधी दोन्ही घड्याळे भोंग्याशी लावा. ती लावली आणि तंटा मिटला.

आता संगणकाकडे वळू. २००७ साली बदलापूरच्या माझ्या भाच्याने पगारातून पैसे साठवून उल्हासनगरच्या एका दुकानातून एएमडी कंपनीचा ड्युअल-कोअर प्रोसेसर आणला आणि घरच्या जुन्या प्रोसेसरच्या जागी बसवला. ड्युअल-कोअर म्हणजे एकाच चकतीवर हिशेब करणारे दोन मजूर. असे प्रोसेसर घरगुती संगणकांसाठी २००५ साली बाजारात आले. त्याच्या संगणकावरची विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली मात्र २००१ सालची, म्हणजे त्यांच्याआधीची. मोटारींच्या शर्यतीचा त्याचा खेळ पूर्वीइतकाच संथ राहिला. मित्र म्हणाले, "दुकानदाराने गंडवलं." भाचा भांडायला निघाला. मी म्हटले, "थांब, आधी हजेरीपट पाहू."

कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील कामगिरीच्या पानावर दोन आलेख दिसायला हवेत. आम्हाला एकच दिसला. कारण असे की, एक्सपी बसवताना ती मजूर मोजते आणि एकच आढळला तर एकट्यापुरता मुकादम नेमते. पुढे दुसरा मजूर आला तरी त्याचे नाव हजेरीपटावर चढतेच असे नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कॉम्प्युटर' या नोंदीखाली 'एसीपीआय युनिप्रोसेसर' असे असेल, तर तेथूनच ड्रायव्हर बदलून 'मल्टिप्रोसेसर' करता येते. तसे नसेल तर एक्सपी नव्याने बसवणे बरे. मदरबोर्डचा बायोसही त्या प्रोसेसरला ओळखणारा हवा. एक गैरसमज येथेच दूर करतो: एक्सपीची होम आवृत्ती एकच प्रोसेसर चालवते हे खरे, पण तिथे मोजदाद खोबणींची आहे, कोअरांची नव्हे. विंडोज ९८ला मात्र दुसरा मजूर वापरताच येत नाही.

दुसरा आलेख दिसू लागला. भाचा खूष झाला, आणि खेळ आणखी बिघडला! मोटार मध्येच उडी मारी, मध्येच मागे सरके. इथे मला ती दोन फाटके आठवली. प्रत्येक कोअरजवळ ठोके मोजणारे स्वतःचे घड्याळ असते. वीज वाचवण्यासाठी कोअरांचा वेग कमीजास्त होई, आणि त्या काळच्या एएमडी प्रोसेसरांत ही दोन घड्याळे एकमेकांपासून दूर जात. विंडोज खेळाला या कोअरवरून त्या कोअरवर हलवते. खेळाने वेळ एका फाटकावर विचारली आणि पुढची दुसऱ्या फाटकावर, की मधला काळ उणे निघतो!

यावर तीन उपाय आहेत. पहिला, एएमडीने दिलेला 'ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर' बसवणे. तो घड्याळे जुळवतो. दुसरा, बूट.आयएनआय या फाइलीत विंडोजच्या ओळीशेवटी तिरकी रेघ देऊन 'यूजपीएमटायमर' हा शब्द जोडणे. मग विंडोज वेळेसाठी मदरबोर्डवरचे सामाईक घड्याळ वापरते, जसा आमचा भोंगा. या फाइलीत चूक झाली तर संगणक सुरूच होणार नाही, म्हणून आधी तिची नक्कल ठेवावी. तिसरा, टास्क मॅनेजरमध्ये खेळाच्या नावावर उजवे बटण दाबून 'सेट ॲफिनिटी'ने त्याला एकाच कोअरला बांधणे. हे दर वेळी नव्याने करावे लागते. आमचे काम पहिल्या दोहोंनी भागले.

"मामा, वेग दुप्पट का नाही झाला?" भाच्याने विचारले. मी त्याला उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्याकडे बोट दाखवले. पाय शिवल्याशिवाय कंबरपट्टी लागत नाही. दुसरा शिंपी तोवर बसून राहतो. जीन अम्डाल या अमेरिकन अभियंत्याने १९६७ साली हाच हिशेब मांडला: शंभर मिनिटांच्या कामातले निम्मे वाटताच येत नसेल, तर दोन हातांनी ते पंचाहत्तर मिनिटांत होईल, आणि हजार हातांनीही पन्नासाच्या खाली येणार नाही. जुने खेळ एकाच मजुरासाठी लिहिलेले; दुसरा फार तर इतर किरकोळ कामे उचलतो. पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ साली अनेक प्रोसेसरांचा परम ८००० उभा केला, तेव्हा काम वाटून देणारी आज्ञावलीही तयार करावी लागली, ती याच कारणाने.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तेव्हा असा जुना संगणक कोणी खेळांसाठी जपला असेल, तर त्याला इंटरनेट जोडू नये.

भाचा दुकानदाराशी भांडला नाही, हे मला खेळ सुधारल्यापेक्षा मोठे वाटते. माल खोटा नव्हता आणि मजूरही कामचुकार नव्हता. काम अडले की आपण समोर दिसेल त्याला दोष देतो. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: त्याचे नाव हजेरीपटावर आहे का, घड्याळ खरे आहे का, आणि काम वाटून देता येण्याजोगे आहे का. यंत्राला आपण एवढा न्याय देऊ शकतो, तर माणसाला का देऊ नये?